विवर्णता
त्वचा, केस व डोळे यांत मेलॅनीन हे रंजकद्रव्य जन्मतः नसण्याची अथवा अत्यल्प असण्याची आनुवंशिक अवस्था. ती संसर्गजन्य नाही. जन्मानंतर उद्‌भवणारे कोड आणि जंतुजन्य कुष्ठरोग यांहून ती सर्वस्वी भिन्न असली, तरी लोकसमजुतीत तिन्हींची गल्लत होत आली आहे.

मेंडेल यांचे आनुवंशिकतेचे नियम १९०० मध्ये पुन्हा उजेडात आल्यावर अमेरिकन प्राणिवैज्ञानिक विल्यम कॅसल यांनी १९०३ मध्ये मानवी विवर्णतेला ते लावून दाखविले. ब्रिटिश वैद्य आर्चिबल्ड गॅरड यांनी १९०८ मध्ये तिची गणना चयापचयाच्या जन्मजात दोषांत केली. बहुतेक प्रकारांत माता व पिता या दोघांकडून सदोष अप्रभावी जनुक आले, तरच अपत्य विवर्ण होते. वाहक मातापित्यांचा वर्ण मात्र नेहमीसारखा असतो. त्यामुळे केवळ मातेला दोष देणे निराधार ठरते. जवळच्या नात्यातील विवाहांत हा संभव वाढतो. महाराष्ट्रातील मामेबहिणीशी विवाहाच्या प्रथेची चर्चा इरावती कर्वे यांनी आपल्या १९५३ च्या ग्रंथात केली आहे.

विवर्णता समूळ बरी करणारा उपाय नाही. दृष्टी अधू असते, डोळे सतत हलतात व प्रखर उजेड सोसत नाही. धाराशिव (उस्मानाबाद) या कोरड्या, शेतीप्रधान जिल्ह्यात उन्हातील श्रम अशा व्यक्तींना विशेष जाचक होतात. त्वचा भाजते व तिच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अंगभर कपडे, रुंद काठाची टोपी व गडद चष्मा यांनी संरक्षण होते. पुस्तक डोळ्यांजवळ धरणारे मूल मंदबुद्धी नसते. फळ्याजवळची जागा व मोठा टाइप मिळाल्यास ते इतरांप्रमाणे शिकते. १९९५ व २०१६ च्या अपंगविषयक कायद्यांत अधू दृष्टीचा समावेश असल्याने निकषांत बसणाऱ्यांना सवलती मिळू शकतात.