रुपयाच्या मुलखातील बिऱ्हाडे
कुवेतच्या बाजारात १९६१पर्यंत भारतीय रुपयाच चालत असे, याचे आज नवल वाटते. मग दिनार आला. त्याच्या ओढीने गोव्याकोकणातील कुटुंबेही गेली. शुक्रवारची सुट्टी, उन्हाळ्यात दारे लोटलेली दुपार, गावाहून नेलेली आमसुले. बिऱ्हाड थाटले (घर म्हणवत नाही). कारण पत्नीमुलांचा ‘इकामा’ कर्त्याच्या नोकरीला बांधलेला. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा शिरल्या आणि कुवेती दिनारही इराकने चलनातून काढला. साठवलेले कागद झाले. वाळवंट ओलांडून अम्मान गाठलेल्या सुमारे १,७०,००० भारतीयांना विमानांनी मायदेशी आणले. कित्येक मुलांपाशी शाळेचा दाखलाही नव्हता. फेब्रुवारी १९९१मध्ये कुवेत मुक्त झाले, आणि यांतली बरीच कुटुंबे पुन्हा तिकडेच परतली.