शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, ही आमच्या गृहिणींची रीत फार जुनी. तिला शास्त्राचे रूप मात्र अलीकडेच आले; आणि ते येताना ज्या चुका झाल्या, त्यांचा इतिहास आम्हां महाराष्ट्रीयांस आजही उपयोगी पडण्याजोगा आहे.

१८०२ साली फ्रान्सची लोकसंख्या जाणण्यासाठी लाप्लास ह्या गणितज्ञाच्या सूचनेवरून तीस विभागांतील काही गावांची शिरगणती झाली. तीत २०,३७,६१५ माणसे भरली; वार्षिक जन्मांची सरासरी ७१,८६६ आली. म्हणजे एका जन्मामागे सुमारे अठ्ठावीस माणसे. देशातील एकंदर जन्मांस ह्या प्रमाणाने गुणले की देशाची लोकसंख्या हाती आली! युक्ती मोठी नामी. परंतु जेथील नगराध्यक्ष तत्पर व बुद्धिमान, तीच गावे मुद्दाम निवडली होती. जेथे कारभार ढिला, तेथील माणसांस ह्या हिशेबात स्थानच नव्हते.

निवड माणसाच्या सोयीने न होता केवळ दैवगतीने, चिठ्ठ्या टाकाव्या तशी झाली पाहिजे, हे तत्त्व १९३४ साली नेमन ह्यांनी लंडन येथे वाचलेल्या निबंधाने दृढ केले. कल्पनेने एक उदाहरण घेऊ. एखाद्या मुलखात २०,००० बालके आहेत. त्यांतून दैवगतीने ४०० निवडून तोलली, तो १०० कमी वजनाची निघाली. प्रमाण चतुर्थांश, म्हणून एकंदर अदमास ५,०००. परंतु एवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे नव्हे. गणित सांगते की, ह्या अदमासात सुमारे ८५० ची कमीजास्ती धरावी. अशा शंभर निवडी केल्यास सुमारे पंचाण्णव वेळा खरा आकडा अशा मर्यादांत सापडेल. ही मर्यादा निम्मी करावयाची तर चौपट बालके तोलावी लागतील. उलट, मोजणारा केवळ सडकेकाठचे पाडे पाहून परतला, तर कितीही बालके तोलली तरी ती चूक धुऊन निघत नाही.

ह्याहून सूक्ष्म असा एक धोका आहे. शिताची परीक्षा खरी ठरते, ती सारा भात एकाच पातेल्यात सारखा शिजलेला असतो म्हणून. जेथे तसे नाही तेथे थर पाडून प्रत्येकातून निराळी निवड करावी, हेही नेमन ह्यांनी सांगितले. आणि कोणत्या थरातून किती घ्यावे, ह्या प्रश्नाचा पुढील विचार १९३५ साली त्यांच्याच हाताखाली शिकणाऱ्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांनी केला. हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे.

आता जव्हार-मोखाड्याकडे वळू. मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान १९४८ साली विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले. १९९२-९३ साली त्याच तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. २०११ च्या शिरगणतीत ठाणे जिल्ह्याची वस्ती १,१०,६०,१४८ होती. जव्हार व मोखाडा मिळून सव्वादोन लाखांच्या आतबाहेर, म्हणजे शेकडा दोन. जिल्ह्यातून दैवगतीने हजार माणसे निवडली तर ह्या डोंगरातील सरासरीने वीसच येणार! १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा झाला. तरी २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्हे २०११ चेच धरल्यामुळे हा मुलूख ठाण्यातच मोजला गेला. पुढील पाहणीत पालघरचे आकडे स्वतंत्र आले. परंतु वसई-विरारची दाट वस्ती त्याच पातेल्यात राहिली. अशा जिल्ह्याचे प्रमाण घेऊन त्याने मोखाड्याच्या बालकांच्या संख्येस गुणणे, म्हणजे एका घरचे शीत चेपून दुसऱ्या घरचा भात शिजला म्हणणे होय.

ह्या आकड्यावरच पोषक आहार किती पाठवावा आणि डॉक्टर कोठे नेमावा, हे ठरते; तो उणा आला तर उणीव कोणाच्या ताटात पडते, हे सांगावयास नको. म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, जव्हार-मोखाडा हा हिशेबात स्वतंत्र थर धरावा, आणि चिठ्ठीत निघालेला पाडा कितीही दूर असो, मोजणाऱ्याने तेथवर चालत जावे. सुखात्म्यांच्या महाराष्ट्रास हे अवघड वाटू नये.