भोगवर्धनची वाट

गोदावरीच्या काठावरून सोळा जण उत्तरेकडे चालत निघाले. त्यांचा गुरू बावरी मूळचा कोसल देशाचा. म्हातारपणी दक्षिणेत येऊन अस्सक आणि अळक या राज्यांच्या सीमेवर आश्रम करून राहिलेला. त्याला एका शापाचं कोडं पडलं होतं आणि उत्तर बुद्धाकडेच मिळेल असं कळलं होतं. स्वतःला जाववेना, म्हणून त्याने शिष्यांना पाठवलं. ‘सुत्तनिपात’ या पाली ग्रंथातल्या पारायनवग्गात ही कथा आहे. धर्मानंद कोसंबींनी या ग्रंथाचं मराठी भाषांतर केलं आहे, त्यामुळे मराठी वाचकाला ती परकी नाही.

कथेतलं तत्त्वज्ञान पंडितांनी पुष्कळ चर्चिलं आहे. मला मात्र तिच्यातली गावांची यादी पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. आधी पतिट्ठान, म्हणजे पैठण. मग नर्मदाकाठची माहिस्सती, उज्जेनी, गोनद्ध, वेदिसा म्हणजे विदिशा. पुढे कोसंबी, साकेत, सावत्थी, कपिलवत्थू, वेसाली आणि शेवटी मगधाची राजधानी राजगह. आज पैठणहून राजगीरला जायचं तर आपण नकाशावर बोट ठेवून मुक्काम ठरवतो. या सोळा जणांचा मार्ग दोन हजार वर्षांपूर्वीच असा मुक्कामवार लिहून ठेवलेला आहे. मराठी मुलखातून निघालेल्या लांब पल्ल्याच्या खुष्कीच्या प्रवासाचा इतका जुना आराखडा दुसरा माझ्या पाहण्यात नाही.

या यादीत पैठण आणि माहिस्सती यांच्यामध्ये एकही नाव नाही. तिथेच जालना जिल्ह्याची गोष्ट सुरू होते.

गोदावरीच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात उतरायचं तर अजिंठ्याची रांग आडवी येते. मराठवाड्याच्या बाजूने जमीन हळूहळू चढत जाते आणि खानदेशच्या बाजूला एकदम तुटते. बैल उतरू शकेल अशा जागा तिथे मोजक्याच. एक कन्नडच्या बाजूची आणि दुसरी अजिंठ्याची. पहिलीच्या जवळ पितळखोऱ्याची लेणी आहेत, दुसरीच्या जवळ अजिंठ्याची. हा योगायोग नाही. पावसाळ्यात भिक्षूंना एका जागी राहायचं असे आणि वर्षभर तांड्यांना घाटाच्या तोंडाशी थांबावं लागे. दान देणारे आणि दान घेणारे जिथे भेटत, तिथेच डोंगर कोरला गेला.

पैठणहून अजिंठ्याच्या घाटाकडे जाताना केळणा नदीच्या काठी जालना जिल्ह्यातलं भोकरदन लागतं. याचं जुनं नाव भोगवर्धन. 1973 च्या सुमारास नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी इथल्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला. मातीखालून सातवाहनकाळातलं नांदतं गाव वर आलं. मणी निघाले, शंखाच्या बांगड्या निघाल्या, आणि निघाली हस्तिदंतात कोरलेली स्त्रीमूर्ती.

या मूर्तीची सख्खी बहीण इटलीत आहे. 1938 साली पॉम्पेईतल्या एका घरात भारतीय घडणीची हस्तिदंती मूर्ती सापडली. सगळीकडे तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतात. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत ती पुरली गेली होती, म्हणजे ती त्याआधीच भारतातून तिकडे पोचलेली असणार. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांचं मत असं, की ती भोकरदनच्या कारागिरांच्या हातची असावी. आधी तिचं मूळ मथुरेकडे शोधलं जात होतं. भोकरदनला तिच्यासारखं काम सापडल्यावर तिच्या माहेराचा विचार नव्याने करावा लागला. मला ढवळीकरांचं म्हणणं पटतं.

एक धागा उत्तरेलाही जातो. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावं दगडात कोरलेली आहेत आणि त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. भारहूतच्या स्तूपावरच्या लेखांतही हे गाव येतं. भोकरदन ते सांची हे अंतर सरळ रेषेत मोजलं तरी चारशे किलोमीटरच्या आसपास भरतं. मध्ये घाट, तापी, सातपुडा, नर्मदा आणि विंध्य. सांची विदिशेच्या वेशीवर आहे, म्हणजे बावरीच्या शिष्यांच्या यादीतल्या वेदिसाजवळ. तिथल्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर एक लेख आहे. हे कोरीव काम विदिशेच्या दंतकारांनी केलं, असं तो सांगतो. हस्तिदंत कोरणारे हात दगडाकडे वळले होते. भोकरदनलाही हस्तिदंताचं काम होत होतं, आणि भोकरदनची माणसं सांचीला जात होती. दोन्हीकडचे कारागीर एकमेकांना ओळखत असतील का? पुरावा नाही, पण वाट एकच होती.

राज्यं बदलली तरी ही दिशा मोडली नाही. भोकरदन ओलांडून अजिंठ्याकडे जाताना अन्वा लागतं. तिथलं बाराव्या शतकाच्या सुमाराचं मंदिर बारीक कोरीव कामासाठी थांबून पाहावं असं आहे. मोटारसायकलवरून अजिंठ्याला जाणारे बहुतेक जण सिल्लोडच्या मोठ्या रस्त्याने भुर्रकन निघून जातात आणि हे मंदिर चुकवतात, याची मला हळहळ वाटते. अलीकडे, जालना आणि भोकरदनच्या मध्ये, राजूरचा गणपती. अंगारकी चतुर्थीला जालन्याहून माणसं आदल्या रात्रीपासून पायी निघतात. एसटी आहे, जीप आहे, घरोघरी दुचाकी आहे. तरी चालतात.

याच केळणेकाठी झालेली 23 सप्टेंबर 1803 ची आसईची लढाई शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांची फौज एका बाजूला, इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली दुसऱ्या. लढाईच्या दोन दिवस आधी वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी जाऊन भोकरदनजवळ एकत्र व्हायचं, असा बेत ठरला. वेलस्लीच्या फौजेला दाणागोटा पुरवत होते लमाणांचे तांडे. त्यांच्या पाठाळाच्या बैलांना ही सगळी पायवाट पाठ. पण स्टीव्हन्सन येण्याआधीच मराठ्यांची छावणी केळणेपलीकडे समोर दिसली. वाटाडे म्हणाले, इथे नदीला उतार नाही. वेलस्लीने पाहिलं, की दोन्ही काठांवर समोरासमोर एकेक गाव आहे, पिंपळगाव आणि वरूड. समोरासमोरच्या गावांत येणंजाणं असणारच, आणि येणंजाणं असेल तर उतारही असणार. तपास केला, उतार सापडला, फौज पलीकडे गेली. इतिहासकार याला सेनापतीची हुशारी म्हणतात. मी त्यात आणखी एक गोष्ट वाचतो. ज्या उताराने लढाईचं पारडं फिरलं, तो पिढ्यान् पिढ्या नदी ओलांडणाऱ्या तिथल्या बायाबापड्यांनी आणि गुराख्यांनी पाडला होता. लढाईनंतर महिनाभरात इंग्रजांनी बऱ्हाणपूर आणि असिरगड घेतला. तोही याच उत्तरेच्या रोखाने.

मग आगगाडी आली आणि भोकरदन बाजूला पडलं.

1860 च्या दशकात जी.आय.पी. रेल्वे खानदेशातून भुसावळकडे गेली आणि जळगाव मुंबईला जोडलं गेलं. निजामाच्या राज्यात हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे 1899 ते 1901 या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाली. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परतूर, परभणी, नांदेड करत ती हैदराबादला जाई. रूळ एक मीटरचे, कारण तेवढ्यात खर्च भागत होता. मनमाडला मोठे रूळ. म्हणून तिथे उतरायचं, बोचकी सांभाळत दुसरी गाडी गाठायची. मराठवाड्याच्या पिढ्या या बदलात थकल्या. रुंद रुळांची मागणी गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने वर्षानुवर्षं लावून धरली, तेव्हा कुठे 1990 च्या दशकात रूळ बदलले.

या गाडीने जालन्याची बाजारपेठ मोठी केली, हे खरं. पण ती पूर्व-पश्चिम धावली. पैठणहून घाटाकडे जाणारी दिशा तिने आडवी छेदली आणि सोडून दिली. परिणाम असा, की जालन्याहून जळगावला आजही रेल्वेने जायचं तर आधी पश्चिमेला मनमाड गाठायचं आणि मग पुन्हा पूर्वेला वळायचं. सव्वातीनशेहून अधिक किलोमीटर. 2022 च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेला समृद्धी महामार्ग जालन्याजवळून जातो, पण तोही मुंबई-नागपूरचाच.

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना-जळगाव या 174 किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज सुमारे 7,105 कोटी रुपये. मार्ग राजूर, भोकरदन, सिल्लोड, अजिंठा असा घाट उतरून खानदेशात जातो. गाडी पहिल्यांदाच जुन्या तांड्यांच्या रोखाने धावणार, याचा मला अपार आनंद आहे. फक्त, भराव घालण्याआधी आणि कटिंग खोदण्याआधी भोकरदनपासून घाटापर्यंतच्या पांढरीच्या टेकाडांची पुरातत्त्व खात्याकडून नीट पाहणी व्हायला हवी. 1973 मध्ये खणलेला भाग गावाच्या मानाने थोडाच होता. बाकीचं भोगवर्धन अजून मातीतच आहे.