नकाशाची प्रत कोणाची?

आमच्या एका सहकाऱ्याच्या टेबलाच्या खणात, निरुपयोगी म्हणून ठेवून दिलेले एक यंत्र आहे. तळहातावर मावेल एवढे. पाठीशी मोटारीच्या काचेला चिकटवण्याची रबरी वाटी. न्यू जर्सीत राहणाऱ्या बहिणीने ते २००७ साली आपल्या मोटारीसाठी घेतले आणि पुढे गरज संपल्यावर भावाला देऊन टाकले. परवा आम्ही ते चार्ज करून महाविद्यालयाच्या पटांगणात नेले. काही मिनिटांत त्याला उपग्रह सापडले. अक्षांश-रेखांश त्याने बरोबर सांगितले, पण पडद्यावर एकही रस्ता उमटला नाही. त्याच्या पोटात फक्त उत्तर अमेरिकेचा नकाशा होता. आपण कोठे आहोत हे त्याला कळत होते. त्या जागेविषयी सांगण्यासारखे मात्र त्याच्याजवळ काहीच नव्हते.

मोटारीत कायमचे बसवलेले मार्गदर्शक यंत्र आणि काचेला चिकटवायचे हे सुटे यंत्र यांच्यातील स्पर्धेची कथा सहसा किमतीच्या अंगाने सांगितली जाते. बसवलेले यंत्र महाग होते म्हणून सुट्याने त्याला हरवले. मोबाइलमधला नकाशा फुकट मिळू लागला म्हणून सुटेही हरले. यात खोटे काही नाही. परंतु आम्ही साहित्याचे शिक्षक. पाठचिकित्सा शिकवताना आम्हांला एक प्रश्न नेहमी विचारावा लागतो : ही प्रत कोणाची, ती कोठे ठेवलेली होती, आणि तिच्यात दुरुस्ती करण्याचा अधिकार कोणाला होता? नकाशा हीही एक संहिताच आहे. तिला हा प्रश्न विचारला की याच इतिहासाचा क्रम थोडा निराळा लागतो.

आरंभ बराच मागे आहे. जॉन ओगिल्बी हा सतराव्या शतकातला गृहस्थ नृत्यशिक्षक होता, डब्लिनमध्ये नाट्यगृह चालवणारा होता, व्हर्जिल आणि होमर यांचा इंग्रजी अनुवादक होता. उतारवयात, १६७५ साली, त्याने 'ब्रिटानिया' हा इंग्लंड-वेल्समधील रस्त्यांचा ग्रंथ छापला. १०० पानी नकाशे. त्यांत सुमारे ७,५०० मैलांचे रस्ते, एका मैलाला एक इंच या प्रमाणात. त्याच्या माणसांनी हे अंतर रस्त्यावरून चाक ढकलत, त्याचे फेरे मोजून काढले होते. प्रत्येक रस्ता त्याने उलगडत जाणाऱ्या पट्टीसारखा, खालून वर जाणारा दाखवला. उत्तर दिशा पानाच्या डोक्यावर ठेवण्याचा आग्रह त्याने सोडला. रस्ता वळला की पट्टीवरचे दिशाचक्र फिरते. प्रवाशाचे तोंड सदैव पुढे, आणि जग त्याच्याभोवती वळणारे. पण हा ग्रंथ होता जाडजूड, श्रीमंतांच्या ग्रंथसंग्रहात शोभणारा. घोड्यावर बसून तो उघडणे कठीण. १७१९ आणि १७२० साली इतर प्रकाशकांनी त्याच्या लहान, सोबत नेता येतील अशा आवृत्त्या काढल्या, तेव्हा कोठे तो वाटसरूच्या हाती आला. जागेवरचा नकाशा आणि बरोबरचा नकाशा हा भेद असा तीनशे वर्षांचा जुना आहे.

मोटारीत हीच कथा नव्याने घडली. १९८१ साली होंडाने जपानमध्ये 'इलेक्ट्रो गायरोकेटर' हे यंत्र आणले. उपग्रहांचा त्यात संबंध नव्हता. गायरोस्कोपने वळण ओळखायचे, चाकांच्या फेऱ्यांवरून अंतर काढायचे, आणि निघालेल्या जागेपासून आपण कोठवर आलो याचा हिशेब मांडायचा. नकाशे पारदर्शक तक्त्यांवर छापलेले. तक्ता पडद्यापुढे सरकवून निघण्याची जागा चालकानेच जुळवून द्यायची. १९८५ साली कॅलिफोर्नियात 'इटॅक' नावाचे यंत्र विक्रीस आले. त्याचा जनक स्टॅन हनी हा शिडाच्या नौकांचा खलाशी. यंत्राला दिलेले नाव पॅसिफिक महासागरातील कॅरोलाइन बेटांच्या नावाड्यांचे आहे. त्यांच्या पद्धतीत होडी स्थिर मानतात आणि बेटे ताऱ्यांखालून मागे सरकत जातात, असे समजून प्रवास मोजतात. यंत्राच्या हिरव्या पडद्यावरही मोटारीची खूण जागीच राही आणि रस्ते तिच्याभोवती फिरत. ओगिल्बीचे दिशाचक्र आणि नावाड्यांची स्थिर होडी यांची गाठ अशी एका मोटारीत पडली.

इटॅकचे नकाशे कॅसेटवर असत. मोठ्या शहराच्या परिसरासाठी एकाहून अधिक कॅसेटी लागत. त्यातली एक युक्ती आम्हांला विशेष वाटते. चाकांच्या हिशेबात हळूहळू चूक साठत जाई. मोटार वळली की यंत्र ते वळण नकाशातल्या रस्त्यांशी ताडून पाही आणि आपली चूक दुरुस्त करी. म्हणजे मोटार नकाशा नुसता दाखवत नव्हती, तो वाचून स्वतःला सुधारत होती.

पुढची पायरी उपग्रहांची. १९८७ साली टोयोटाच्या क्राउन मोटारीत सीडीवरचा नकाशा आला. १९९० साली जपानमध्ये माझ्दाच्या युनोस कॉस्मो या मोटारीत जीपीएसवर चालणारे यंत्र कारखान्यातूनच बसून आले. १९९४ साली युरोपात बीएमडब्ल्यूने आणि १९९५ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिलने तेच केले. त्या काळात अमेरिकी लष्कर नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे स्थान सुमारे १०० मीटरपर्यंत चुकू शके. शहरात १०० मीटर म्हणजे एखादी गल्ली पुढे किंवा मागे. मोटारीत बसवलेले यंत्र ही चूक चाकाच्या आणि गायरोस्कोपच्या साक्षीने भरून काढी. बोगद्यात उपग्रह दिसेनासे झाले तरी त्याचा हिशेब चालू राही. सुट्या यंत्राला चाकाचा आधार नव्हता. म्हणून १९९८ साली गार्मिनचे 'स्ट्रीटपायलट' आले तरी सुट्या यंत्राचा खरा काळ सुरू झाला तो मे २०००च्या आरंभी, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या निर्णयाने ती मुद्दाम मिसळलेली चूक बंद झाल्यावर. २००४ साली ॲमस्टरडॅमच्या टॉमटॉमने 'गो' आणि २००५ साली गार्मिनने 'नुव्ही' बाजारात आणले.

दोहोंच्या गुणदोषांची यादी त्या वेळी नियतकालिकांतून पुन्हा पुन्हा छापली जाई. बसवलेल्या यंत्राचा पडदा मोठा, तारांचा गुंता नाही, चोरीची भीती कमी. पण त्याचा नकाशा मोटार बांधली त्या वर्षाचा. नवी डीव्हीडी घ्यायची तर पुन्हा भरघोस पैसे. अनेक मोटारींत धावताना नवा पत्ता घालता येत नसे, शेजारी बसलेल्यालाही नाही. इतकेच काय, काही जुन्या होंडा मोटारींतील अशा यंत्रांची घड्याळे १ जानेवारी २०२२ रोजी एकाएकी २००२ साल दाखवू लागली. सुटे यंत्र स्वस्त. एका मोटारीतून काढून दुसरीत, भाड्याच्या गाडीत, मित्राच्या गाडीत नेता येणारे. पण काचेवर उमटलेले त्याचे वर्तुळ चोराला खबर देई. कॅलिफोर्नियात तर २००८ संपेपर्यंत पुढच्या काचेला ते चिकटवणे कायद्यात बसत नव्हते. तेथले लोक दाणेदार वजन भरलेल्या पिशवीवर यंत्र ठेवून चालवत.

या याद्यांतून एक गोष्ट सुटून जाई, कारण तेव्हा ती दोन्हीकडे सारखीच होती. जीपीएसचा उपग्रह फक्त बोलतो, ऐकत नाही. खालचे यंत्र संकेत घेते, गणित करते आणि आपल्याच पोटातल्या नकाशावर खूण उमटवते. कोण कोठे आहे हे उपग्रहाला कळत नाही. १९९६ साली सुरू झालेल्या ऑनस्टारसारख्या, दूरध्वनीने केंद्राशी जोडलेल्या सेवा वगळल्या तर, बसवलेले असो वा सुटे, यंत्रातली प्रत मालकाची होती आणि तिचे वाचन एकांतात होत होते. फरक एवढाच की पहिल्यात प्रत वाहनाची होती. मोटार विकली की प्रतही गेली. दुसऱ्यात ती प्रवाशाची होती. ओगिल्बीच्या लहान आवृत्त्यांचे खरे वारस ते सुटे यंत्र.

त्याचा बहर फार थोडा टिकला. २००८ साली टॉमटॉमने टेली ॲटलास ही नकाशांची कंपनी सुमारे २९० कोटी युरो देऊन घेतली. इटॅक याच टेली ॲटलासने २००० साली विकत घेतले होते. म्हणजे मोटारीत बसवलेल्या यंत्राची जुनी संहिता अखेर सुट्या यंत्राच्या घरी आली. त्याच वर्षी नोकियाने नॅव्हटेक सुमारे ८१० कोटी डॉलरना घेतली. नकाशा हाच खजिना आहे हे सर्वांनी ओळखले होते. आणि २८ ऑक्टोबर २००९ रोजी गूगलने मोबाइलवर वळणावळणाचे मार्गदर्शन फुकट देण्याची घोषणा केली. त्याच दिवशी गार्मिन आणि टॉमटॉम यांचे समभाग कोसळले.

येथे नकाशा स्वस्त झाला एवढेच घडले नाही. आता प्रत दूरच्या संगणकावर राहते, आपल्याला तिचे हवे तेवढे तुकडे मिळतात आणि त्या बदल्यात आपण कोठे आहोत हे आपण कळवत राहतो. वाचकच वाचला जाऊ लागला. याची चुणूक सुट्या यंत्रांच्या शेवटच्या पर्वातही दिसली होती. एप्रिल २०११ मध्ये टॉमटॉमला ग्राहकांची माफी मागावी लागली. त्यांच्या यंत्रांतून जमा झालेली, नावे वगळलेली वेगाची माहिती नेदरलँड्सच्या पोलिसांपर्यंत पोहोचून वेग पकडण्याच्या सापळ्यांसाठी वापरली गेली होती. रस्ता मोकळा आहे की तुंबला आहे हे कळावे म्हणून लोकांनी जे सांगितले, ते त्यांच्यावरच उलटले.

आणि आता नकाशा पुन्हा मोटारीत परतला आहे. २०१५ साली ऑडी, बीएमडब्ल्यू आणि डेमलर यांनी एकत्र येऊन नोकियाकडून 'हिअर' हा नकाशांचा व्यवसाय घेतला. २०२० साली आलेल्या पोलस्टार २ मध्ये गूगलचा नकाशा मोटारीच्याच पडद्यात बसवलेला होता. २०२३ साली जनरल मोटर्सने पुढील विजेच्या मोटारींतून ॲपल कारप्ले काढून टाकण्याचे जाहीर केले. म्हणजे ग्राहकाने आपला मोबाइल पडद्याला जोडण्याऐवजी मोटारीचाच नकाशा वापरावा. याच कंपनीवर जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई जाहीर केली. नीट संमती न घेता चालकांचे ठिकाण आणि गाडी चालवण्याच्या सवयी यांची माहिती जमवून विकल्याचा आरोप तीत होता. यंत्र पुन्हा जुन्या जागी बसले, पण १९९५ सालचा त्याचा एकांत त्याच्यासोबत परत आला नाही.

जुने ते सोने असे आम्हांला म्हणायचे नाही. शिळ्या नकाशाने माणसे बंद रस्त्यांवर नेली आहेत, आणि रुग्णवाहिकेच्या चालकाला रहदारीची ताजी बातमी हवीच असते. ताजेपणाची काही किंमत द्यावी लागणार हेही मान्य. पण ती किंमत कोणती हे ग्राहकाला दुकानात कोणी सांगितले नाही. तेथे पडद्याचा आकार मोजला गेला, आवाजाची गोडी तपासली गेली. प्रत कोणाची, हा प्रश्न निघाला नाही.

खणातल्या यंत्राचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून काढलेला नकाशा कोणालाही उतरवून घेता येतो, आणि त्याच्या जुन्या यंत्रांत चालतील अशा प्रती मिळतात. आमच्या एका विद्यार्थ्याने तशी भारताची प्रत कार्डावर घालून दिली. यंत्र पुन्हा पटांगणात नेले. या वेळी महाविद्यालयाची इमारत दिसली, बाहेरचा रस्ता दिसला, आणि मागच्या फाटकाकडे जाणारी बोळ मात्र भिंतीपलीकडे दाखवलेली आढळली. त्याच संध्याकाळी विद्यार्थ्यांनी मूळ नकाशात ती दुरुस्त केली. पाठचिकित्सेच्या पुढच्या तासाला आरंभ करायला आम्हांला तेवढे पुरेसे होते.