पुडीतला ओवा, पोत्यातला ओवा

गुरांच्या मसाल्याला आमच्या दुकानात वर्षाकाठी दोनच हंगाम असत. पहिला मृगाचा पाऊस पडून कोवळं गवत फुटलं की, आणि दुसरा श्रावणापासून पुढे म्हशी व्यायला लागल्या की. एरवी त्या डब्याकडे कुणी फिरकत नसे. हे आधीच सांगते, कारण पशुखाद्याच्या पोत्यांवर 'औषधी वनस्पतींचा अर्क' असं छापलेलं वाचून पुष्कळांना वाटतं, आपली आजी-पणजी गुरांना रोज जडीबुटी चारत होती. रोज द्यायचं म्हटलं तर परवडलं तरी कुणाला असतं?

दुकान म्हसवडच्या पेठेतलं, काष्ठौषधींचं, माझ्या सासरचं. माणदेश म्हणजे खिल्लार जनावरांचा मुलूख, त्यामुळे माणसांच्या पुड्यांइतक्याच गुरांच्याही पुड्या बांधाव्या लागत. सासूबाई मसाला स्वतः कुटत. मेथी, ओवा, सुंठ, हळद, बाळंतशेपा, कडू जिरे, हिरडा, काळं मीठ आणि शेवटी चिमूटभर हिंग. ओवा मात्र त्या कधी आगाऊ कुटून ठेवत नसत. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की मगच खलबत्त्यात पडायचा. "वास गेला की राहिला नुसता भुस्सा," असं म्हणायच्या. पूड गुळात कालवून लिंबाएवढा गोळा करायचा आणि जनावराच्या जिभेच्या मुळाशी सारायचा. वेळूच्या नळकांड्यानं पातळ काढा पाजण्याला त्यांचा विरोध होता. तो श्वासनळीत उतरला तर जनावर दगावतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

"काकू, म्हैस दूध चोरतीय, कायतरी द्या," म्हणत कुणी आला की त्यांचा पहिला प्रश्न, "शेण कसं पडतंय?" दुसरा, "रवंथ करती का?" दुधाचं विचारणं सगळ्यात शेवटी. मसाला त्यांच्या लेखी पोटासाठी होता. पोट लागी लागलं की दूध आपोआप येईल, हा हिशोब.

या हिशोबाची मुळं फार जुनी आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोध्यक्षाच्या प्रकरणात बैलांचा खुराक मापानिशी लिहिलेला आहे. त्यात पेंड, कोंडा, मीठ आहे आणि ताकदीच्या पेयात एक पळ आलं आहे. पळ म्हणजे साधारण चार तोळे. पण हा खुराक होता घोड्याच्या तोडीनं चालणाऱ्या, वेसण घातलेल्या सरकारी बैलांचा. पोथ्यासुद्धा राजाच्या जनावरांवरच निघाल्या. घोड्यांसाठी शालिहोत्राची परंपरा, हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद. तो ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमानं १८९४ साली छापलाही. कुणब्याच्या म्हशीवर पोथी लिहायची कुणाला गरज वाटली नाही. तिचं औषध चुलीपाशीच तोंडी चालत राहिलं, आणि म्हणून ते गावागणिक वेगळं आहे. उत्तरेत बत्तीस जिनसांचा बत्तिसा चाले. पुढे सहारनपूरचा 'हिमालयन बत्तिसा' पाकिटातून आला आणि सासूबाईंच्या खलबत्त्याला पहिला धक्का त्यानं दिला.

ओव्याची हकीकत तर आणखी मजेची. पहिल्या महायुद्धापर्यंत हिंदुस्थानातला ओवा बोटी भरभरून जर्मनीला जात असे. तिकडे त्याचं तेल काढून त्यातून थायमॉल वेगळं करत, म्हणजे आपलं ओवाफूल. जंतुनाशक म्हणून आणि पोटातल्या आकडेकृमींवर त्याला मोठी मागणी होती. युद्ध पेटलं, व्यापार तुटला, तेव्हा कुठे ते इथे काढायला सुरुवात झाली. पुढे कारखान्यात कृत्रिम थायमॉल तयार होऊ लागलं आणि ओवा पुन्हा फोडणीपुरता उरला.

गोठ्यातला खरा पालट त्यानंतरचा. १९५० साली अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या स्टोकस्टॅड आणि ज्यूक्स या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की खाद्यात ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाचा अंश असला की कोंबड्या-डुकरं झपाट्यानं वाढतात. तेव्हापासून औषध हे आजारावरचं न राहता रोजच्या खाद्यातलं झालं. आपल्याकडे १९६४ साली लालबहादूर शास्त्रींनी खेडा जिल्ह्यात कंजरीच्या पशुखाद्य कारखान्याचं उद्घाटन केलं. कारखान्याचं पोतं गोठ्यात आलं, दूध फॅटवर मोजलं जाऊ लागलं आणि शेणाची चौकशी मागे पडली.

पुढे जंतू प्रतिजैविकांना दाद देईनासे झाले. १ जानेवारी २००६ पासून युरोपीय संघानं वाढीसाठी प्रतिजैविकं चारणं बंद केलं. आपल्याकडे २०१९ मध्ये जनावरांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी आली. मग पर्याय शोधता शोधता शास्त्रज्ञ येऊन पोचले थायमॉलवर, दालचिनीच्या तेलावर, मिरचीच्या अर्कावर! जंतूंच्या पेशीचं आवरणच ही तेलं फाडतात. वास उडू नये म्हणून आता त्यांना स्निग्ध पदार्थाचं कवच चढवतात. सासूबाईंनी कवचाचा खर्च वाचवला होता, इतकंच.

पण मला खटकतं ते 'रोज'. कोंबड्यांचं मी सांगत नाही. गाईम्हशींच्या कोठीपोटातले जंतू मात्र अशा तेलांना सरावतात आणि सुरुवातीला दिसलेला गुण पुढे ओसरतो, असं बऱ्याच प्रयोगांत आढळलं आहे. एका कंपनीचा माणूस पोत्याचा नमुना घेऊन आला होता. यात ओवा किती, विचारलं, तर म्हणाला, "फॉर्म्युला सांगता येत नाही, मॅडम." मग मी तरी गिऱ्हाईकाला काय सांगू?

मसाल्याचा खप सध्या वाढलाय तो वेगळ्याच वाटेनं. बंद पडलेल्या बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयानं २०२१च्या डिसेंबरात परवानगी दिली, २०२३ मध्ये शर्यतींना मुभा देणारा कायदाही उचलून धरला, आणि पळणाऱ्या खोंडांचे मालक सुंठ-गूळ-मेथी मागायला लागले. त्यांना महिनाभराचा डबा हवा असतो. मी सात दिवसांच्या पुड्या बांधते. "परत या, खोंड घेऊन या, शेण बघून पुढचं देते," म्हणते. अर्धे चिडून दुसऱ्या दुकानात जातात.