लिली, गरुड आणि कुलचा

आमच्या कळंबाच्याच जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. कोकणात आणि कोल्हापुराकडे राज्य करणारे शिलाहार राजे ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत आणि सोन्याच्या गरुडाचे निशाण मिरवीत. राज्य एकीकडे, बिरुद दुसरीकडे! हे ठाऊक असले म्हणजे युरोपातील राजचिन्हे आम्हांस फारशी परकी वाटत नाहीत.

तिकडे बाराव्या शतकात सरदारांच्या ढालींवर सिंह, गरुड, रंगीत पट्टे दिसू लागले. तोंड शिरस्त्राणाखाली झाकलेले. आपला कोण, परका कोण, हे ढालीवरून कळावयाचे. पुढे ही चिन्हे बापाकडून मुलाकडे वारशाने जाऊ लागली. फ्रान्सच्या राजांनी निळ्या ढालीवर सोनेरी लिलीचे फूल घेतले. त्यास ते ‘फ्लर द ली’ म्हणतात. १३४० मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगून तीच फुले आपल्या ढालीत घातली. १५५८ मध्ये कॅले हे त्यांचे फ्रान्समधील शेवटचे ठाणेही गेले. ढालीवरची फुले मात्र १८०१ पर्यंत होती.

असो. हा झाला राजाराजांतला मामला. आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. आमचे लक्ष दुसरीकडे जाते. चौदाव्या लुईने १६८५ मध्ये वसाहतींतील गुलामांसाठी कायदा केला. महिनाभर पळून राहिलेल्या गुलामाचे कान कापावेत आणि एका खांद्यावर याच फुलाचा डाग द्यावा. दुसऱ्यांदा पळाला तर गुडघ्यामागची शीर तोडून दुसऱ्या खांद्यावर डाग. तिसऱ्यांदा मृत्युदंड. मार्टिनिक, ग्वादलूप या बेटांवर ही माणसे उसाच्या मळ्यांत राबत. आमच्या ऊसतोडीच्या मंडळींना डाग म्हणजे काय हे समजावून द्यावे लागत नाही. त्यांनी बैल डागलेले पाहिले आहेत.

१७९० च्या जूनमध्ये फ्रेंच राष्ट्रसभेने सरदारक्या आणि खानदानी ढालचिन्हे रद्द केली. गुलामी मात्र १७९४ पर्यंत चालू राहिली, १८०२ मध्ये नेपोलियनने ती परत आणली आणि १८४८ मध्ये ती कायमची गेली. चित्र पुसणे सोपे, ऊस फुकट तोडून घेणे सोडणे अवघड!

आमच्याकडचे शेवटचे राजचिन्ह भाकरीचे होते. निजामाच्या पिवळ्या निशाणावरचे पांढरे वर्तुळ म्हणजे कुलचा; घराण्याच्या मूळपुरुषास एका अवलियाने कुलचे खाऊ घातले, अशी त्याची कथा. त्या भाकरीखाली वेठबिगारही चाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद शरण आले आणि निशाण उतरले. उस्मान अली खानांचे नाव जिल्ह्यावर २०२३ पर्यंत राहिले.