परदेशीं निघण्यापूर्वीं : आनंदीबाई जोशी यांची तयारी

विद्यार्थी परदेशीं निघाला म्हणजे घरांत पहिली चर्चा होते ती पेटीची. कपडे किती घ्यावे, वाटेंत काय खावें, तिकडे काय मिळेल, या प्रश्नांनीं सारें घर गजबजून जातें. आज परभणी जिल्ह्यांतील राणीसावरगांवासारख्या गांवाहून कोणी शिकावयास बाहेर देशीं निघाला, तर तिकडची थंडी आणि खोलीचें भाडें यांची माहिती त्यास घरबसल्या मिळते. परंतु १८८३ सालीं अठरा वर्षांची एक महाराष्ट्रीय स्त्री वैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेस निघाली, तेव्हां त्याच वाटेनें आधीं गेलेली हिंदु स्त्री विचारपूस करावयास कोणी नव्हती. म्हणूनच आनंदीबाई जोशी यांनीं केलेली तयारी बारकाईनें पाहण्यासारखी आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजीं झाला. माहेर कल्याणचें, माहेरचें नांव यमुना. नवव्या वर्षीं टपाल खात्यांत नोकरी करणारे गोपाळराव जोशी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. चौदाव्या वर्षीं त्यांस मुलगा झाला, आणि तो अवघ्या दहा दिवसांत गेला. त्या दुःखांतूनच वैद्य होण्याचा त्यांचा निश्चय पक्का झाला.

या तयारीचा पहिला भाग पत्रांतून झाला. पत्नीच्या शिक्षणाची सोय अमेरिकेंत व्हावी म्हणून गोपाळरावांनीं कोल्हापुराहून वाइल्डर नांवाच्या मिशनऱ्यास पत्र लिहिलें होतें, व तें तिकडील एका मासिकांत छापून आलें. न्यू जर्सींतील रोझेल या गांवच्या श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असतां तें मासिक त्यांच्या हातीं पडलें. १८८० सालीं त्यांनीं आनंदीबाईंस पत्र पाठविलें आणि दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. चालीरीति, बालविवाह, धर्म, घरसंसार, प्रकृति, असा एकहि विषय त्यांत वर्ज्य नव्हता. आनंदीबाईंची डोकेदुखी व ताप हटेना, तेव्हां कार्पेंटरबाईंनीं अमेरिकेहून औषधें धाडलीं. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणूं लागल्या. बोटीवर पाऊल ठेवण्यापूर्वींच परक्या देशांत त्यांचें एक घर झालें होतें.

दुसरा भाग स्वदेशांतील लोकांस तोंड देण्याचा होता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहांत आनंदीबाईंनीं इंग्रजींत भाषण केलें. अमेरिकेसच कां, एकट्याच कां, जात वाळींत टाकील त्याचें काय, संकट आल्यास काय, असे लोक विचारीत असलेले प्रश्न त्यांनीं स्वतःच एकेक करून पुढें मांडले व त्यांचीं उत्तरें दिलीं. पतीवर आईबाप व धाकट्या भावांचा भार आहे, म्हणून आपण एकट्या जातों, असें त्यांनीं सांगितलें. पोशाख, आहार व धर्म बदलणार नाहीं, हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, हेंहि त्यांनीं स्पष्ट केलें. प्रवासखर्चासाठीं हातांतील सोन्याच्या बांगड्या विकल्या. मिशनरी स्त्रियांच्या सोबतीनें ७ एप्रिल रोजीं कलकत्त्याहून निघून ४ जूनला त्या न्यूयॉर्क बंदरांत उतरल्या, तेव्हां मावशी तेथें हजर होत्या.

तो उन्हाळा रोझेल येथें गेला, आणि खरी तालीम तेथेंच झाली. अमेरिकन कुटुंबाची दिनचर्या, बोलण्याची ढब, बाजार, ऋतु, हीं सर्व मायेच्या घरांत राहून पाहतां आलीं. पुढें फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांस प्रवेश मिळाला, व तेथील मुख्याधिकारी रेचल बॉडले यांच्या खटपटीनें शिष्यवृत्तीचीहि सोय झाली.

परंतु तयारीचा तिसरा भाग, म्हणजे देहाचा, कोणाच्याच हातीं नव्हता. नऊवारी लुगड्यांत पोटऱ्या उघड्या राहत, त्या थंडींत तें पुरेना. म्हणून त्यांनीं गुजराती पद्धतीनें पायघोळ लुगडें नेसण्यास आरंभ केला. खोलींतील भिंतीची शेगडी पेटवावी तर धूर कोंडे, न पेटवावी तर अंग गारठे. शाकाहाराचा नेम पाळावयाचा म्हणजे अभ्यास संभाळून हातानें स्वयंपाक करणें आलें. श्रीरामपुरास जें वचन एका वाक्यांत दिलें गेलें, तें फिलाडेल्फियांत रोज दोन वेळां पाळावें लागत होतें. आधींच नाजूक असलेली प्रकृति त्याखालीं खचली.

११ मार्च १८८६ रोजीं त्यांस पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूर संस्थाननें आपल्या रुग्णालयांतील स्त्री-विभाग त्यांच्याकडे देऊं केला. पण क्षयानें ग्रासलेल्या आनंदीबाई मायदेशीं परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास निवर्तल्या. वयाचीं बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. त्यांची रक्षा मावशीकडे अमेरिकेस पाठविण्यांत आली, व पुकीप्सी येथें कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमींत ती ठेवली आहे.

दोनच वर्षांनीं, १८८९ त, मुंबईच्या रखमाबाई वैद्यक शिकण्यास लंडनला गेल्या. डॉ. एडिथ पीची यांचें साह्य आणि मॅकलॅरन दांपत्याचें आश्रयस्थान त्यांस लाभलें. १८९४ त परीक्षा पार पाडून त्या परतल्या, सुरत व राजकोट येथें दीर्घकाळ रुग्णसेवा केली, आणि नव्वद वर्षांचें आयुष्य जगून १९५५ त वारल्या. दोघींच्या प्रकृति भिन्न होत्या. तेव्हां केवळ सोयींचा फरक दाखवून दोन आयुष्यांचा हिशेब मांडणें योग्य नव्हे. तरीहि आनंदीबाईंच्या वृत्तांतून एक गोष्ट निश्चित दिसते. धैर्य, निश्चय व स्नेह ही शिदोरी विद्यार्थ्यानें मिळवावयाची असते, आणि ती त्यांनीं भरपूर मिळविली होती. ऊब, अन्न आणि वेळींच वैद्यकीय दृष्टि यांची तरतूद मात्र एकट्या अठरा वर्षांच्या मुलीच्या पेटींत मावत नाहीं. ती पाठविणाऱ्यांनीं आणि बोलावणाऱ्यांनीं मिळून करावी लागते.